अमेरिकेचे दोन रुमाल

माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली आणि पुढं हात पोळपाटावर गेला, त्यामुळे माझी अक्षरं कधी पोळीसारखी पसरतात, कधी आकसतात. वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी, हे मला अजून ठरवता येत नाही. हाताला येईल ती देते. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवते. कारण ज्या माणसाविषयी लिहायला बसले आहे, त्यानं हे पाहिलं असतं तर आधी तांबडी पेन्सिल शोधली असती आणि मजकूर नंतर वाचला असता. पेन्सिल शोधली असती म्हणजे बायकोला हाक मारली असती.

हैद्राबादेत गौलीगुड्यातल्या आमच्या घरात खालच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. आम्ही वर राहायचो. आमचे हे बेगम बाजारात मिरची-मसाल्याच्या पेढीवर हिशेबाला होते आणि खालचे भाडेकरू सरकारी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. लोक त्यांना प्रोफेसरसाब म्हणायचे. आम्ही बायका आपसात त्यांना अमेरिका म्हणायचो.

'अमेरिका आली का गं घरी?'

'आली. चहा मागतेय.'

त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोला माहीत होतं, आणि सगळ्यात आधी तीच हसायची. तिला आम्ही वहिनी म्हणायचो.

शनिवारी दुपारी आमच्या ओसरीवर त्यांचा वर्ग भरायचा. विद्यार्थी म्हणजे वहिनी, मी, शेजारच्या उदगीरच्या मामी आणि गल्लीतल्या आणखी एकदोघी मराठी बायका. कॉलेजात ते अमेरिकेतल्या जुन्या, नावाजलेल्या गोष्टी शिकवायचे. सगळ्या प्रेमाच्या आणि त्यागाच्या. पण कॉलेजातले पोट्टे ऐन त्यागाच्या जागी हसायचे. म्हणून सोमवारच्या धड्याची तालीम शनिवारी आमच्यावर व्हायची.

'स्त्रियांचं मन कोमल असतं,' ते पहिल्याच दिवशी म्हणाले. 'तुम्ही हसणार नाही.'

मामी माझ्या कानाशी लागल्या. 'पदर कशाला असतो मग?'

गोष्ट इंग्रजीत असायची. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, म्हणून टिपणं उर्दू अक्षरांत. सांगायची मात्र मराठीत. त्यामुळे वाक्य एका भाषेतून निघायचं, दुसरीत अडायचं आणि आमच्यापर्यंत हल्लू हल्लू यायचं. 'ती मोहतरमा... म्हणजे ती अबला... म्हणजे ती बाई,' असं करत ते नायिकेला दारापर्यंत आणायचे, तोवर आमचे सूपभर तांदूळ निवडून झालेले असायचे. त्या सगळ्या गोष्टींत बर्फ पडायचा, भाड्याची खोली असायची आणि नवराबायको एकमेकांना काही विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर गोष्ट पहिल्या पानावरच संपली असती, असं मामींचं मत होतं.

बर्फाचंही एकदा झालं. 'बर्फ अनुभवल्याशिवाय अमेरिकेतला त्याग कळणार नाही,' असं म्हणून भर वैशाखात त्यांनी वहिनींना बर्फाची लादी आणायला पाठवलं. भुसा लावलेली लादी पोत्यात घालून वहिनी डोक्यावरून घेऊन आल्या. साडी मागून पार भिजली होती. लादी परातीत ठेवली, परात ओसरीच्या मधोमध. 'आता डोळे मिटा आणि हात ठेवा,' प्रोफेसर म्हणाले. आम्ही हात ठेवले. इतकं बरं वाटलं की कोणी उचलेना. तिकडं नायक बर्फात गारठून मरत होता आणि इकडं मामी मनगटं उलटीसुलटी करून गार करून घेत होत्या.

'काय सुख आहे बाई मेल्याला,' त्या म्हणाल्या.

प्रोफेसरांनी पुस्तक मिटलं. त्या बर्फाचं मग लिंबाचं सरबत झालं. सगळ्यात मोठा पेला त्यांनीच घेतला, कारण बोलून घसा सुकला होता.

त्यांची रडायची जागा ठरलेली असायची. आवाज खाली जायचा, बोट वर जायचं, आणि ते थांबून खिसे चाचपायला लागायचे. 'अगं, माझा रुमाल?' वहिनी सूप बाजूला ठेवून उठायच्या, आत जाऊन रुमाल आणून द्यायच्या. मग ते रडायचे. रुमाल हातात येण्याआधी मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही. दोन रुमाल होते, दोन्ही पांढरे. एक डोळ्यांचा आणि एक नाकाचा. दोन्ही रोज धुऊन, नीळ देऊन वाळत घालायचं काम कोणाचं, ते लिहायला नको.

एक गोष्ट लाकूडतोड्याची होती. बाहेर बर्फ, घरात एकच पाव. बायको म्हणते, मी जेवले, तुम्ही खा. नवरा म्हणतो, मी वाटेत खाल्लं, तू खा. सकाळी पाव तसाच आणि दोघं उपाशी. इथं रुमाल झाला. डोळे पुसून त्यांनी प्रश्न विचारला, 'ह्या दोघांत अधिक प्रेम कोणाचं? विचार करून सांगा.'

मी खाली मान घालून तांदळातले खडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्या वर्गात एकदाही तोंड उघडलं नाही. मामींना तो त्रास नव्हता.

'प्रोफेसरसाब, आमच्यात बाई शेवटी जेवती. टोपल्यात भाकर उरली तर जेवली, नाही उरली तर पाणी पिली. कुणी विचारतच नाही, मग खोटं कुणाला सांगायचं?'

'पण मामी, त्यात त्याग आहे. त्यात सौंदर्य आहे.'

'हौ का? आम्ही त्याला स्वयंपाक म्हणतो.'

प्रोफेसरांनी हे टिपून घेतलं नाही. पण ती लाकूडतोड्याची गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली. त्यानंतर मधूनच कधीतरी, अंगात आल्यासारखे, ते वाढलेल्या ताटावरून उठायचे. 'आज मी जेवत नाही. माझ्या वाटचं तू खा.' आता घरातल्या पुरुषानं उपास धरला की त्याला उपासाचं लागतं. भगर लागते, बटाटा लागतो, दाण्याची आमटी लागते. वहिनी झालेला स्वयंपाक झाकून ठेवायच्या, चूल पुन्हा पेटवायच्या, दाणे भाजायच्या, पाखडायच्या आणि पाट्यावर वाटायला बसायच्या. भलत्या वेळी पाट्याचा आवाज वर आला की आमचे हे म्हणायचे, 'खाली त्याग झाला वाटतं.'

वहिनींचं माहेर सेलूचं. तिथं त्यांची आई एकटी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चूल चाचपून पेटवायची. एकदा पदरानं पेट घेतला; शेजारीण भाजी द्यायला आली म्हणून वाचली. वहिनींनी तिला इथं ये म्हणून किती सांगितलं, पण ती जुन्या वळणाची. जावयाच्या घरी राहत नसतात, हे एकच तिचं उत्तर. आणि वहिनींना वर्षातून चार दिवस मिळायचे. जास्त राहिल्या तर प्रोफेसरांना पाणी कोण तापवून देणार? चार दिवसांनी परत आल्या की वहिनी पहिल्यांदा आमच्या जिन्यात बसायच्या आणि म्हणायच्या, 'पुढच्या वेळी ती असेल का गं?' मी चहा करायची.

मग हैद्राबाद राज्य मोडायचं ठरलं. काही जिल्हे आंध्राकडं, काही मुंबईकडं, काही म्हैसूरकडं. सरकारी नोकरांना कुठं जाणार ते लिहून द्यायचं होतं. रस्त्यात भेटलेला माणूस रामरामाच्या आधी विचारायचा, 'तुमचं काय, इथं का तिकडं?' मामी म्हणाल्या, 'जमिनीच्या वाटण्या पाहिल्या, भांड्यांच्या पाहिल्या. आता प्रोफेसरांच्या पाहायच्या.'

मराठी माणसानं मागितलं तर औरंगाबाद मिळत होतं. तिथून सकाळच्या गाडीत बसलं की दुपारी सेलू. वहिनींनी नवऱ्याला काही विचारलं नाही. मराठी माणूस मराठी मुलखात जाणार, त्यात विचारायचं काय? त्यांनी सरळ आवराआवर सुरू केली. आपला पाटा-वरवंटा मला देऊन टाकला. 'दगड कुठं आगगाडीत घालू? तिकडं नवा घेईन.' आम्ही दोघींनी तो धरून जिना चढवला. चढवताना वहिनी गाणं म्हणत होत्या. त्यांना गाता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

नव्या जागी गेल्या गेल्या मिरची कुठं शोधायची, म्हणून वर्षाचं तिखट इथूनच करून न्यायचं ठरलं. आमच्या ह्यांनी पेढीवरून गुंटूरची मिरची आणून दिली. सोमवारी अंगणात उखळ मांडलं. वहिनी, मामी, मी आणि गल्लीतली एक, सगळ्यांच्या तोंडाला पदर बांधलेले. गुंटूरची मिरची ती. डोळ्यांतून नुसत्या धारा. वहिनी सगळ्यांत खुशीत होत्या. आईला औरंगाबादच्या डॉक्टरला कसं दाखवायचं, दर रविवारी कसं जायचं, हे सांगत होत्या आणि मनगटानं डोळे पुसत होत्या. तेवढ्यात प्रोफेसर कॉलेजातून आले. दारात थबकले. बायकोकडं बराच वेळ बघत राहिले. मग उलट्या पावली बाहेर गेले. आम्हांला वाटलं, ठसका लागला असेल.

त्या शनिवारी त्यांनी नवी गोष्ट सांगितली. एक माणूस आपल्या मुलखात परत निघालेला असतो. तिकीट खिशात. पण त्याची बायको गुपचूप रडताना त्याला दिसते. तो तिला काही विचारत नाही. तो तिकीट फाडतो.

'हिच्यात बर्फ नाही,' मामी म्हणाल्या. 'कुठल्या पुस्तकातली ही?'

'पुस्तकात नाही.' आवाज खाली गेला होता, बोट वर गेलं होतं. 'तो माणूस मीच. मी हैद्राबाद लिहून दिलं.' ते वहिनींकडं वळले. 'तुझ्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं. हे शहर सोडताना तुझं काय होतंय, ते तू बोलली नाहीस. बोलायची गरजही नव्हती.'

वहिनींच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

'कधी पाहिलं म्हणता पाणी?' मामींनी विचारलं.

'सोमवारी. अंगणात.'

'प्रोफेसरसाब, सोमवारी आम्ही सगळ्याच रडत होतो. मिरची गुंटूरची होती.'

त्या दिवशी कोणी पदराआड हसलं नाही.

'मामी, तुम्हांला ते कळायचं नाही,' प्रोफेसर हळूच म्हणाले आणि खिसे चाचपायला लागले. 'अगं, माझा रुमाल?'

वहिनी उठल्या नाहीत. आणि रुमालावाचून त्यांना रडू आलंच नाही.

लिहून दिलेलं आता बदलत नाही, असं आमचे हे म्हणाले. मी पुष्कळ दिवस विचार करत होते की हा माणूस लबाड आहे का. त्या त्यागात त्यांचं रोजचं इराणी हॉटेल शाबूत राहिलं, तिथली खिडकीजवळची खुर्ची राहिली, बरकतपुऱ्याकडची संध्याकाळची फेरी राहिली. गेलं ते फक्त वहिनींचं सेलू. पण लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना ते सगळं खरंच वाटत होतं. लबाड माणसाशी निदान भांडता तरी येतं.

वहिनी आता वाटायला रोज वर यायच्या. मी म्हटलं, 'वहिनी, पाटा घेऊन जा खाली.'

'दिलेली वस्तू परत नेत नसतात.'

एका सकाळी चटणी वाटता वाटता, मान वर न करता त्या म्हणाल्या, 'मला सेलूच्या तिकिटापुरते पैसे उसने देशील? आणि वर थोडे. आईच्या डोळ्यांचं बघायचंय.'

'भाऊजींना नाही विचारलं?'

'त्यांच्याकडं मागितले तर तेही त्यागात धरतील.'

माझ्याजवळ शेवया करून दिल्याचे पैसे होते. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, 'दे. फक्त प्रोफेसरला कळू देऊ नको. गोष्ट करील.'

पुढच्या शनिवारी वर्ग भरला. प्रोफेसरांनी पुस्तक उघडलं, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, 'आज मी सांगते.'

सगळ्यांचे हात थांबले. वहिनींचा आवाज अगदी रोजचा होता, भाजीला काय आणू असं विचारल्यासारखा.

'तुम्ही माझ्यासाठी आपला मुलूख सोडला. मग मी मागं कशी राहू? माझ्या भांड्यांच्या आवाजानं तुमचं लिहिणं होत नाही, असं तुम्हीच म्हणता. मी आईकडं जाते. तुम्ही इथं निवांत लिहा.'

'अगं, पण... किती दिवस?'

'त्यागात दिवस धरतात का? तुमच्या गोष्टींत तर कुणी धरलेले ऐकले नाहीत.'

आमच्या सगळ्यांच्या देखत प्रोफेसर नको म्हणू शकत नव्हते. त्यांच्या गोष्टींत त्यागाला नको म्हणणारं माणूस आजवर एकही आलं नव्हतं. त्यांचा हात खिशाकडं गेला. वहिनींनी कमरेला खोचलेला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

'दुसरा दोरीवर वाळतोय. नीळ फडताळात वरच्या खणात. कुठं काय आहे ते बघून ठेवा.'

वहिनींना काचीगुड्याच्या स्टेशनावर पोचवायला मामी आणि मी गेलो. तिखटाचा डबा वहिनींच्या मांडीवर होता. गाडी हलली तेव्हा मामी म्हणाल्या, 'आता रडलीस तर आम्ही विचारू हां, का म्हणून.' वहिनी हसल्या आणि रडल्या. आम्हांला विचारावं लागलं नाही.

शनिवारचा वर्ग बंद झाला. काही दिवस प्रोफेसरांनी हॉटेलात खाल्लं. मग बहुधा पोट बिघडलं, कारण एके दिवशी अंगणातून आमच्या ह्यांना हाक आली. परक्या बाईशी ते थेट बोलायचे नाहीत, तेवढी रीत होती.

'अहो, जरा घरात विचारता का, साबुदाणा कडकच का राहतो? तासभर परततोय.'

ह्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. ह्यांनी कठड्यावरून खाली सांगितलं, 'भिजवला होता का, विचारतेय.'

खाली त्यांनी हातातलं उलथनं उलटसुलट करून पाहिलं.

'भिजवावा लागतो?'

मी पदर तोंडात धरला. नंतर वाईटही वाटलं. इतक्या उपासांत त्यांना हे कधी कळायची पाळीच आली नव्हती.

दोरीवरचे रुमाल आधी पिवळे झाले, मग दिसेनासे झाले. परीक्षा संपल्यावर त्यांनी कॉलेजची नोकरी सोडली, भाडं चुकतं केलं, पुस्तकं पोत्यांत भरली आणि किल्ली आमच्या ह्यांच्या हातात दिली.

'औरंगाबादला का?' ह्यांनी विचारलं.

'नाही. सेलूला.'

'सासुरवाडीला?'

'हौ,' ते म्हणाले. एवढंच. बोट वर गेलं नाही.

आमच्याकडं जावई सासूच्या घरी राहायला गेला की त्याला गावात काय म्हणतात, हे मी लिहीत नाही. ते नाव घेऊन शिकलेला माणूस तर सोडाच, गाडीवानसुद्धा राहत नाही. मामींना ते खरंच वाटेना. 'चार दिवसांत येतील बघ परत. तिथं सरबत कोण देणार?' पण ते आले नाहीत.

वहिनींनी दिवाळीच्या सुमाराला इकडं येणाऱ्या कोणाबरोबर उसन्यातले थोडे पैसे पाठवले. उरलेले द्यायचे राहिले होते. मी मागणार नव्हते, आणि त्या विसरणार नव्हत्या.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी दारात प्रोफेसर उभे. कॉलेजातलं काही येणं होतं, त्यासाठी आले होते. आमचे हे पेढीवर गेलेले. मी पदर ओढून घेतला आणि पाणी दिलं. ते उंबऱ्याबाहेरच बसले.

'हिनं पाठवलंय,' म्हणून त्यांनी रुमालाची गाठोडी पुढं ठेवली. 'मोजूनच घ्यायला सांगितलंय.'

मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. कसं कोण जाणे, त्या दिवशी बोलले.

'आईंच्या डोळ्यांचं झालं?'

'झालं. एका डोळ्यानं चांगलं दिसतं. माझी भाकरी कडेला कच्ची राहते, हे तर लांबून दिसतं.'

मला हसू आलं. ते दाबायला पदर वर नेला, तर तेही हसत होते.

'आणि तुमचं शिकवणं?'

'शाळेत आहे तिथल्या. आठवीला इंग्रजी.'

'गोष्टी सांगता?'

'सांगतो. पोट्टे हसतात.' मग म्हणाले, 'कुठं हसतात, ते आता मला आधीच कळतं.'

मी वाट बघत होते की आता बोट वर जाईल. कॉलेज सोडून शाळेत गेलेला, सासूच्या हाताखाली भाकरी थापणारा माणूस. सांगण्यासारखी गोष्ट त्यांच्याजवळ पहिल्यांदाच होती. त्यांनी ती सांगितली नाही. पाणी प्यायले आणि रिकामा पेला स्वतः उचलून बाहेरच्या मोरीपाशी ठेवून आले.

मी गाठ सोडली, पैसे बाजूला काढले आणि रुमाल झटकून परत दिला. रुमाल आता पांढरा नव्हता. नीळ विरघळायच्या आधीच बुडवला असावा. कुठं गडद, कुठं फिका, पण सगळा निळा.

'नीळ जास्त पडते माझ्या हातून,' त्यांनी घडी घालत म्हटलं. 'बघा बरं, बरोबर आहेत का?'

मी मोजले.

'पूर्ण आहेत,' मी म्हटलं.